आठवणीचा खोकला

झोहराला खोकला नव्हता. तरी गेला दीड महिना, दुपारची अजान व्हायला पाच मिनिटं उरली की ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून दोनदा खोकायची. वर मांजराशी खेळत बसलेली तिची अकरा वर्षांची इब्तिसाम दचकायची, आणि घरी मळून गल्लीतल्या भट्टीवर भाजायला दिलेला पाव आणायला पळायची.

हे पावाचं काम इस्पितळाने नेमून दिलेलं होतं. इब्तिसामचा रक्ताचा कॅन्सर बरा होऊन तीन वर्षं झाली होती. औषधांनी पोर वाचवली, पण जाता जाता तिच्या डोक्यातला थोडा चपळपणा सोबत नेला. दोन गोष्टी सांगितल्या तर एक रस्त्यात गळायची. म्हणून आठवड्यातून एकदा मायलेकी आपल्या सल्या गावाहून ट्रामने नदीपलीकडच्या रबात शहरात जात. तिथे सिहाम नावाची तरुण बाई मुलीकडून मेंदूचे व्यायाम करून घेई आणि आईलाही शिकवी. घरी रोज एक खरं काम मुलीने स्वतः लक्षात ठेवून करायचं, आईने फक्त नोंद करायची. तक्त्यात तीन रकाने होते: स्वतः, आठवण दिल्यावर, विसरली.

झोहराने सहा आठवडे पहिल्याच रकान्यात खुणा केल्या. खोकणं म्हणजे काही सांगणं नव्हे, असा तिचा हिशेब. शिवाय भट्टीवाल्या बूश्ताला तिने गुपचूप सांगून ठेवलं होतं, की कधी पोरगी आलीच नाही तर पाव तुम्हीच काढून बाजूला ठेवा. घरात साखर कुठे आहे हे विसरणारी झोहरा या बंदोबस्तात मात्र एक दिवस चुकली नाही.

सहाव्या आठवड्याच्या चाचणीत इब्तिसाम होती तिथेच निघाली. सिहामने तक्ता पाहिला, मग मुलीला सहज विचारलं, पावाची आठवण कशी येते गं? इब्तिसाम सरळ म्हणाली, "आई खोकते."

मुलीला बाहेर पाठवून सिहाम हळूच, आदराने म्हणाली, "लल्ला झोहरा, तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे. मला हिची बघायची होती."

"ती विसरली की तिचा चेहरा कसा होतो, ते तुम्ही बघितलं नाहीये."

"नाही बघितलं. पण सप्टेंबरात ती मोठ्या शाळेत जाणार. तिथे कोण खोकणार?"

ट्राममध्ये झोहरा खिडकीबाहेर बघत बसली. उतरल्यावर ती थेट भट्टीवर गेली आणि बूश्ताला म्हणाली, उद्यापासून आमचा पाव जळला तरी जळू द्या.

बूश्ता दुखावला. तीस वर्षांत त्याच्या हातून कुणाचा पाव जळला नव्हता. "जाळायचाच असेल तर घरी जाळ ना, माझं नाव कशाला घालवतेस?" तो कुरकुरला. कारण ऐकल्यावर मात्र त्याने लांब फावडं भिंतीला टेकवलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी इब्तिसाम फळीवर पाव घेऊन भट्टीवर पोचवून आली आणि खेळायला बसली. अजान झाली, संपली. झोहरा दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसली. तासाभराने पोरीला आठवलं. पाव कोळशासारखा घरी आला. जेवायला आलेल्या द्रीसने, तिच्या नवऱ्याने, वरचं काळं खरवडलं आणि पाव मसुरीच्या आमटीत बुडवून निमूट खाल्ला.

"तू का नाही सांगितलंस?" इब्तिसाम रडत ओरडली.

झोहराने सिहामने शिकवलेलं वाक्य कसंबसं उच्चारलं. "उद्या काय केलं तर तुला आठवेल?"

"मला काय माहीत!"

त्या आठवड्यात आणखी दोनदा पाव जळला. झोहराने खऱ्या खुणा केल्या. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

शनिवारी इब्तिसाम भट्टीवरून परतली ती एका पायात चप्पल घालून. झोहराच्या तोंडात शब्द आलाच होता: हरवलीस ना? तिने ओठ मिटले. पोरगी मांजराशी खेळली, उठली, स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली. फरशी गार होती. उघड्या पायाकडे तिने बघितलं, क्षणभर थांबली, आणि लंगडी घालत जिना उतरली.

खालून शेजारीण फातिहाचा आवाज आला, "पोरीला एकच चप्पल घेतलीस का गं? दुसरी पुढच्या ईदला?"

"तिचं तिला ठाऊक," झोहरा वरूनच म्हणाली. मागे मात्र गेली नाही.

इब्तिसाम आली तेव्हा पाव गरम होता, दोन्ही पायांत चप्पल होती, आणि झाकायचं फडकं भट्टीवरच राहिलं होतं. फडक्याबद्दल झोहरा बोलली नाही.

पाव मोडता मोडता इब्तिसाम म्हणाली, "चप्पल बूश्ताचाचांकडे ठेवली, की पायाला कळतं. पण शाळेत चप्पल काढू देणार नाहीत. तिथे काय करू?"

झोहराच्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती. तिने पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला आणि चावत लेकीकडे बघत राहिली.