शेजारचा फोटो

उत्तरेश्वर ढवळे मार्केट यार्डात हमाल होता. बार्शीकडून पुण्याला येऊन त्याला सव्वीस वर्षं झाली होती. त्याची मुलगी उत्कर्षा फोटोग्राफी शिकत होती आणि कॉलेजच्या प्रदर्शनात तिने त्याचा फोटो लावला होता. तो बघायला उत्तरेश्वर ठेवणीतला शर्ट घालून, दोन बस बदलून आला.

फोटो चांगला आला होता. पाठीवर कांद्याचं पोतं, मान पुढे गेलेली, कपाळावरची शीर तटतटून फुगलेली. पण त्याला खेटून, तेवढ्याच आकाराचा, दुसरा फोटो होता. त्यात जिममधला एक तरुण खांद्यावर लोखंडी वजन पेलत होता. तशीच वाकलेली मान, तशीच शीर.

ही जोडी उत्कर्षाला वर्गात सुचली होती. पूर्णिमा मॅडम म्हणाल्या होत्या, "दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्या एकमेकींबद्दल बोलायला लागतात. आपण मध्ये बोलायचं नाही." एक माणूस पोटासाठी वजन उचलतो, दुसरा पोट कमी करायला. लोकांना हे दिसेल आणि थोडी लाज वाटेल, असं तिला वाटलं होतं.

लोक थांबत होते, पण हसत होते.

"काकांना फ्री मेंबरशिप आहे," एक मुलगा म्हणाला. त्याच्याबरोबरची मुलगी म्हणाली, "आणि वजन उचलायचा फॉर्म बघ ना, काकांचाच भारी आहे." दोघांनी फोटोंपुढे उभं राहून सेल्फी काढला. मागे हात बांधून उभे असलेले काका त्यांना ओळखू आले नाहीत.

दोघं बसस्टॉपवर आली. उत्तरेश्वर म्हणाला, "पोरं कशाला हसली गं?"

"त्यांना कळलं नाही, दादा."

"माझा एकट्याचाच लावला असता तर चाललं नसतं व्हय?"

"एकट्या फोटोपाशी कुणी थांबत नाही."

बोलून झाल्यावर तिला आपलेच शब्द ऐकू आले. त्याने मान हलवली, जणू भाजीचा भाव ऐकला असावा, आणि बसची वाट बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जिमचा फोटो खिळ्यावरून काढून खाली भिंतीकडे तोंड करून ठेवला. पूर्णिमा मॅडम आल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"का काढलास ते समजतंय मला," त्या म्हणाल्या. "पण आता हा नुसता हमालाचा फोटो आहे, उत्कर्षा. असा माणूस सगळ्यांनी पाहिलेला असतो."

उत्कर्षा दोन दिवस तिथे खुर्ची टाकून बसली. लोक तिच्या वडिलांवरून नजर फिरवत पुढच्या भिंतीवरच्या मांजरांच्या फोटोंकडे जात. एका बाईने थांबून विचारलं, तेव्हा तिला स्वच्छतागृह कुठे आहे एवढंच जाणून घ्यायचं होतं.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दुपारी उत्तरेश्वर न सांगता आला. अंगावर कामाचेच कपडे होते. तो दाराशी उभा राहून माणसं येताजाताना बघत राहिला. मग तिच्याजवळ आला.

"दुसरा कुठाय?"

"उतरवला मी."

"लाव परत."

"दादा, नको. हसतात लोक."

"हसू दे. थांबत तरी व्हती." त्याने स्वतःच भिंतीपाशी ठेवलेला फोटो उचलला, फडक्याने काच पुसली आणि खिळ्याला अडकवला. "सरळ हाय का बघ."

सरळ होता. पाच मिनिटांत चार जण जमले आणि त्यांतला एक मोठ्याने हसला. उत्तरेश्वर त्यांच्या मागेच होता. त्याने त्या मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांच्याबरोबर आपणही हसायचा प्रयत्न केला. ओठ ताणले गेले, दात दिसले. डोळे मात्र तसेच राहिले. उत्कर्षाने ते पाहिलं आणि तिला तिथून उठताही आलं नाही.

महिन्याभराने प्रदर्शनातल्या कामांचा निकाल लागला. त्या जोडीला तिच्या वर्गात सर्वांत जास्त गुण होते. तिने ते घरी सांगितलं नाही.