बहात्तरच्या विहिरीत पाणी नव्हतं

शिवमच्या अंगावर कांजिण्या उठून चार दिवस झाले होते, अन् चार दिवस मनकर्णाबाईच्या तोंडाला खळ नव्हता. आधी टँकरचं पाणी घाण म्हणून, मग सून हलगर्जी म्हणून.

"सख्ख्या भावाची पोर म्हणून हौसेनं सून केली," त्या दवाखान्यात सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पण ही गेली आईवर. आईकडच्या, पिशोरच्या माणसांत दमच नाय!"

सून प्रेरणा शिवमच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होती. मांडीवरचं तीन वर्षांचं लेकरू तापानं फणफणत होतं, छाती भात्यासारखी हलत होती.

डॉक्टर कालिंदी कागद घेऊन आल्या.

"इतक्या भारी कांजिण्या सहसा होत नाहीत. आजी, तुमच्या माहेरी कोणी लहान मूल तापानं, गोवरानं, कांजिण्यांनी गेलंय का?"

"नाय. आमची हाडं पाचोडची हायेत, बाई."

"नीट आठवा. विषाणूशी लढायची ताकद आईबापांकडून येते. नात्यातलं लग्न असलं, अन् दोघांकडूनही तीच खोट आली, तर साधा आजारही लेकराला झेपत नाही. तसं असेल तर शिरेतून जोराचं औषध आत्ता सुरू करते. नसेल तर संध्याकाळपर्यंत बघू. त्या औषधाचा किडनीवर ताण येतो."

खोट. मनकर्णाबाईंना तो शब्द झोंबला. सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत त्यांनी मान ताठ ठेवली होती ती या घराण्याच्या जिवावर.

"सांगितलं ना, नाय म्हणून!"

प्रेरणानं मान वर केली. "आत्या, तुमचा भाऊ, आमचा कडूबाकाका, कशानं गेला?"

"ठाऊक नाय का तुला? विहिरीत बुडून."

"कोणत्या साली?"

"बहात्तरला."

"त्या दुष्काळाच्या साली आजोबा दोर लावून विहिरीत उतरायचे अन् तळाचं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायचे. माझे वडील, अण्णाच सांगतात. मग काका बुडाला कशात?"

खाली टँकरचा हॉर्न वाजला. शिवमनं श्वास ओढला, तो घशातच अडकल्यासारखा झाला.

"आत्या, तू सांग," प्रेरणा म्हणाली. लग्नानंतर ती पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती.

मनकर्णाबाईंना शेतातली ती झोपडी दिसली. कडुलिंबाचा पाला, अन् त्यावर फोडांनी भरलेला भाऊ. त्याच्या आदल्या साली तसाच धाकटा गेला होता. बापानं बारा वर्षांच्या मनकर्णाला दम भरला होता, विहिरीत बुडाला म्हणायचं, धाकट्याचं नावही काढायचं नाय, नायतर तुला कोण करून घेईल?

"दोघं," त्या म्हणाल्या. "दोन भाऊ. कडूबा कांजिण्यांनी, धाकटा गोवरानं. मी अन् हिचा बाप तेवढे वाचलो."

डॉक्टर पुढचं ऐकायला थांबल्याच नाहीत. सिस्टरला हाका मारतच आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. शिवमनं बिस्कीट मागितलं, अन् कडक आहे म्हणून फेकून दिलं.

घरच्यांचं रक्त तपासायला नेणार होते. प्रेरणा उठायच्या आत मनकर्णाबाईंनी बाही वर केली. "आधी माझं घ्या."

मग त्यांनी पाचोडला भावाला फोन लावला. "कारभारी, उद्या रक्त द्यायला ये. अन् हे बघ, इथं विहिरीचं नाव काढू नको. तुझ्या पोरीनं तळ बघितलाय."

प्रेरणाकडं न बघता त्यांनी तिच्यापुढं चहा सरकवला.

"घे. आठवडा झाला, तुझ्या पोटात काय नाय."