सातव्या ओळीतली कबर

माझे वडील, दहब, आठ वर्षांचे असताना आमचं न्युबियातलं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि आमच्या माणसांना कोम ओम्बो शहराजवळ नवी घरं मिळाली. मोठेपणी वडिलांनी त्याच धरणाच्या वीजघरात तीस वर्षं नोकरी केली.

माझी बहीण नब्रा वाळवंटातल्या सौर प्रकल्पावर मोजणीच्या कामाला लागली, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "ती जमीन कुणाची?"

"कुणाचीच नाही, बाबा. नुसती वाळू. कागदावर तसंच लिहिलंय."

"आमच्या वेळीही असलेच कागद होते."

"वीजघराचा पगार घेतलात आणि आता मला शिकवताय?"

"घेतला म्हणूनच शिकवतोय."

तीन महिन्यांनी पॅनेलच्या सातव्या ओळीच्या खांबांसाठी खुणा करताना नब्राला वाळूत दगडांची लांबट मांडणी दिसली. उशाशी, आमच्याकडे कबरीवर ठेवतात तसं, फुटकं मातीचं भांडं होतं. खड्डे खणणारं यंत्र दहा पावलांवर आलं होतं. ती आडवी उभी राहिली.

प्रकल्पाचे प्रमुख वग्दीसाहेब गाडीतून उतरले. "बाई, जूनपर्यंत वीज सोडायचीय. अशी कामं थांबवली तर देशाने काय तेल जाळत बसायचं?"

"वीज सोडा की. ही ओळ तेवढी सरकवा."

"कुणाची कबर आहे? नाव तरी माहीत आहे?"

"नाही," नब्रा म्हणाली आणि तिने वडिलांना फोन लावला.

ते दुपारच्या उन्हात पोचले. कुणाशी वाद घातला नाही. कबरीपाशी बसून त्यांनी मृतांसाठीची फातिहा म्हटली आणि तिथेच बसून राहिले. यंत्र चालवणारा जवळच्याच गावचा. त्याने यंत्र बंद केलं. मग एकेक मजूर येऊन प्रार्थनेसाठी हात पसरून उभा राहिला. संध्याकाळी साहेबांनी नकाशावर त्या जागेभोवती रेघ मारून ती वगळली. बारा पॅनेल कमी झाले.

आठवडाभरात नब्राची बदली सामानाच्या कोठारात झाली. जेवताना ती म्हणाली, "तुमचं ऐकून हे झालं, बाबा."

वडिलांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "तीस वर्षं तिथे साहेब लोक येत होते. पाण्याखाली माझं गाव आहे, माझी आजी आहे, हे मी एकालाही सांगितलं नाही."

जूनमध्ये वीज ठरल्याप्रमाणे सुरू झाली. पुढे शेजारी आणखी प्रकल्प उभे राहिले आणि माणसं कमी पडली, तेव्हा नब्राला पुन्हा मोजणीवर घेतलं. आता खुणा करण्याआधी ती दोन दिवस वाळवंट ओळखणाऱ्या उंटवाल्यांकडे जाऊन तिथे कुणाच्या कबरी आहेत का याची चौकशी करते. त्या दिवसांचा पगार तिला मिळत नाही.