शिसवी खुर्ची आणि करियाचे दात

मी एक जुनी शिसवी खुर्ची आहे, आणि माझा पुढचा डावा पाय पाहून तुम्ही नाक मुरडाल हे मला ठाऊक आहे. खुशाल मुरडा. पण मित्रांनो, त्या पायावरच्या खुणांची हकिकत आधी ऐका.

बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या एका सुताराने मला घडवलं. ज्यांच्यासाठी घडवलं ते गेले आणि मी त्यांच्या मुलाची, रघुजींची झाले. हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. पीण्या या कारखान्यांच्या वस्तीत रघुजींची लेथ मशीनची लहानशी शेड होती. जे काम करतं त्याला तेल पाहिजे, हा त्यांचा बाणा. मशीनला वंगण, स्कूटरला वंगण आणि मला खोबरेल. ते स्वतः बसून हाताने माझे पाय चोळत. पाहुणे म्हणत, "काय लकाकते हो ही खुर्ची!" खोटं कशाला बोलू, मी फुगून जात असे.

१९९७ साली रघुजींची भाची सिद्धी पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आमच्याकडे राहायला आली. पावसाळ्यात एके संध्याकाळी बसस्टॉपवरून ती ओढणीत गुंडाळून एक काळं पिल्लू घेऊन आली. रघुजींच्या पत्नी सकवारबाई शाळेत शिकवत. त्यांनी त्याचं नाव करिया ठेवलं. कन्नडमध्ये काळ्याला लाडाने असंच म्हणतात.

करिया गोड होता, पण थोडा मोठा झाला आणि दिसेल ते चावू लागला. कुत्र्याला जुनी चप्पल दिली की तो नवीला तोंड लावत नाही, असं सकवारबाईंचं ठाम मत होतं. त्यांनी जुनी दिली. करिया तिच्यावर शिकला आणि त्याने नवी फस्त केली. मग त्याची नजर माझ्याकडे वळली.

सकाळी तिघंही कामाला जात. संध्याकाळी रघुजी माझा कुरतडलेला पाय बघत आणि करियाला ओढत आणून रागवत. तो कान पाडून बसे. सकाळच्या चुकीचा ओरडा संध्याकाळी का मिळतो, हे त्या पोराला काय कळणार? मग रघुजी हळहळत माझ्या जखमेवर थोडं जास्तच खोबरेल चोळत. दुसऱ्या दिवशी जखम वाढलेली असे. मग आणखी तेल. माझा जीव तीळतीळ तुटे, पण खुर्चीला बोलायला तोंड कुठे असतं?

शेवटी एकदा रघुजींचा संयम सुटला आणि ते आपल्या कन्नड मिसळलेल्या मराठीत म्हणाले,

"सिद्धी, कुत्रा चांगलाय गं. पण ही माझ्या वडिलांची खुर्ची. दसऱ्याच्या आयुधपूजेपर्यंत स्वल्प बघतो. नाही सुधारला तर पीण्याला नेऊन शेडच्या दाराशी साखळीने बांधतो."

"मामा, प्लीज. किती लहान आहे तो."

"सरी, ठीक आहे, म्हणूनच आयुधपूजेपर्यंत म्हटलं."

त्या रात्री सिद्धी करियाला कुशीत घेऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि रडली. माझ्यामुळे त्या पिल्लाच्या गळ्यात साखळी पडणार, या विचाराने मला माझ्या लकाकीची लाज वाटली.

मग एक दिवस सिद्धीला ताप आला आणि ती घरी राहिली. तिचं मला फार कौतुक वाटतं ते त्या दिवसापासून. करियाने मला चावायला घेतलं, पण ती ओरडली नाही. ती आतल्या दारातून नुसती बघत राहिली. त्याआधी मामा-मामी गेल्यावर तो बराच वेळ दाराशी कुंईकुंई करत बसला होता. मग माझ्याजवळ आला, आधी पाय चाटला आणि मग चावला. सिद्धीने हळूच येऊन माझ्या पायावर बोट फिरवलं आणि त्याचा वास घेतला. खाली तांदळाएवढा एक दुधाचा दात पडला होता.

संध्याकाळी तिने तो दात मामांच्या तळहातावर ठेवला.

"मामा, त्याचे दात पडताहेत, हिरड्या शिवशिवतात. दिवसभर एकटा असतो. आणि तुम्ही खुर्चीला औषध नाही लावत, रोज त्याला ताट वाढताय."

रघुजींनी माझ्या पायाचा वास घेतला. मग ते इतके हसले की सकवारबाई पोळ्या सोडून बाहेर आल्या.

खोबरेल बंद झालं. रघुजींच्या जुन्या धोतराच्या पट्टीला सिद्धीने जाड गाठी मारल्या आणि ती भिजवून फ्रिजमध्ये गार केली. करिया माझ्याकडे वळला की ती फक्त गाठ पुढे करी. त्याने गाठ धरली की शाबासकी. ऑफिसच्या आधी ती त्याला दमेपर्यंत फिरवू लागली आणि सकवारबाई मधल्या सुट्टीत घरी डोकावू लागल्या. मध्ये एकदा तो चुकलाच. सिद्धीचा चेहरा पडला, पण तिने पुन्हा गाठच पुढे केली.

आयुधपूजा आली. पाटावर विळी, कात्री, स्कूटरची किल्ली मांडली होती. मलाही हळदकुंकू लागलं. रघुजी खाली बसले आणि माझा पाय चाचपू लागले. सिद्धी करियाला धरून दारात उभी होती. पायाला नवी खूण एकही नव्हती.

रघुजी उठले. करियाच्या गोणपाटावरची ती गाठ त्यांनी आणली, पाटावर ठेवली आणि तिला कुंकू लावलं.

"अहो, उष्टं आहे ते," सकवारबाई म्हणाल्या.

"असू दे. मशीनचं वंगण कुठे सोवळ्यातलं असतं? हे त्याचं आयुध. जे काम करतं, त्याची पूजा चुकवायची नाही."

त्यांनी तिच्यावर झेंडूचं फूल वाहिलं. सिद्धी करियाच्या मानेत तोंड खुपसून हसत होती आणि रडतही होती.

मित्रांनो, पुढे पॉलिशवाला आला तेव्हा रघुजींनी त्याला या खुणा घासू दिल्या नाहीत. तुमच्या घरी एखादं पिल्लू काही कुरतडेल, तेव्हा हात उगारण्याआधी घडीभर त्याच्याकडे बघा. त्याला काय दुखतं, ते किती वेळ एकटं असतं, हे शोधा आणि चावायला त्याचं स्वतःचं काहीतरी द्या. करिया मोठा झाला, म्हातारा झाला, आणि आयुष्यभर माझ्या याच पायाला पाठ टेकून झोपला.