चिमाबाईवरचा बारावा वार

सुहासिनीताईंनी पर्समधून लाकडी फासा काढला आणि टेबलावर ठक्कन ठेवला. चांगला लिंबाएवढा होता.

"आजपासून माझा फासा मीच टाकणार आणि मीच वाचणार," त्या म्हणाल्या.

टेबलाभोवतीचे तिघंही तो बघायला पुढे वाकले. कर्वेनगरात विक्रमच्या हॉलमध्ये दर रविवारी चार वाजता ही चौघं जमायची आणि विक्रमने स्वतः रचलेला खेळ खेळायची. पट नाही, सोंगट्या नाहीत. विक्रम गोष्ट सांगायचा, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचे आणि अडलं की फासा. गोष्ट घाटातल्या पहारेकऱ्यांची होती, आणि विक्रमला तिचा कोण अभिमान! कारण तिच्यात मरण खरं होतं. वार बसला की एक फासा टाकायचा. एक किंवा दोन पडले की पात्र मेलं. वैद्य नाही, मंत्र नाही, पुढच्या रविवारी उठून बसणं नाही. मेलेल्या पात्राची माहिती लिहिलेला कागद ज्याचा त्याने घडी घालून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि तो कसा मेला ते सगळ्यांना सांगायचं, अशी पद्धत होती. डब्यात चौदा कागद जमले होते. आठ साईनाथचे, सहा पूर्वाचे. सुहासिनीताईंचा एकही नव्हता.

ताई चोपन्न वर्षांच्या, बँकेत टेलिफोनवर. जन्मापासून दिसत नाही. फासा त्या टाकायच्या आणि आकडा शेजारी बसलेली पूर्वा वाचून सांगायची. वर्षभर असंच चाललं होतं आणि त्यांची चिमाबाई, खिंडीतली पहारेकरीण, वर्षभर जिवंत होती. ऑफिसात त्यांनी तिच्याबद्दल इतकं सांगून ठेवलं होतं की शिपायाने एकदा विचारलं, तुमची बहीण का हो?

विक्रमने फासा उचलून निरखला. लाकडात पितळी खिळे ठोकले होते. एकाच्या बाजूला एक डोकं वर, सहाच्या बाजूला सहा. बोट फिरवलं की आकडा कळत होता.

"भारी झालाय. पण ताई, सहाची बाजू जड होणार. ती खाली जाईल आणि एक जास्त वेळा पडेल."

"प्रत्येक बाजूला सहा-सहाच खिळे आहेत. मोजायचे तेवढे वर, बाकीचे आत बुडवून वर मेण भरलंय. गेनबा मिस्त्रीच्या डोक्यावर बसून करून घेतलाय. मग घरी सहाशे वेळा टाकला. एक अठ्ठ्याण्णव वेळा पडला. अजून काही शंका?"

विक्रमला अजून काही शंका नव्हती.

"अरे बाप्पा, सहाशे वेळा!" साईनाथ म्हणाला. तो मूळचा अमरावतीचा, नोकरीसाठी इथे आलेला. "ताई, तुमच्यापुढे आमची इंजिनिअरिंग पाणी भरते."

ताईंना ते आवडलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

खेळ सुरू झाला. चिमाबाई आणि पूर्वाची सगुणा खिंडीच्या तोंडाशी पहाऱ्यावर होत्या; साईनाथचा माणूस खाली घोड्यांपाशी. धुकं होतं. विक्रम आवाज खाली आणून सांगत होता. वरच्या कातळावर काहीतरी हललं, चिमाबाईने हाक दिली, उत्तरादाखल बाण आला आणि तिच्या बरगडीत घुसला.

"मरणाचा फासा," विक्रम म्हणाला. म्हणताना नेहमीसारखा जोर नव्हता.

पूर्वाचा हात सवयीने पुढे आला. ताईंनी फाशावर तळवा ठेवला.

"हा बारावा वार, पूर्वा. आधीचे अकरा मी मोजलेत. अकराच्या अकरा वेळा चिमाबाई वाचली. आमच्या बँकेतल्या पोराला हिशोब घातला, तर तो म्हणाला, असं शंभरात एखाद्या वेळीच होतं. मला वाटलं, चला, शंभरातली ती एक मीच असेन. पण बसमध्ये बसल्यावर काही ते पटेना."

पूर्वाने मान खाली घातली. मग ताईंना ते दिसणार नाही हे आठवून तिने तोंड उघडलं.

"चार वेळा मी आकडा खोटा सांगितला, ताई. पहिल्यांदा एक पडला तेव्हा तुम्ही नुकत्याच दोन बस बदलून आला होतात आणि इतक्या खुशीत होतात की माझ्या तोंडून 'चार' निघून गेलं. मग पुढे… सॉरी."

"म्हणजे चिमाबाई चारदा मेली आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही!"

साईनाथला हसू आलं, ते त्याने चहाच्या कपात दडवलं.

"आणि हे दोघं? यांना डोळे आहेत ना? विक्रम, नियम तुझेच ना रे?"

विक्रमचे कान लाल झाले. नियमांची तीन पानं त्याने स्वतः लिहिली होती आणि पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, इथे कुणाला सवलत नाही. "चुकलंच आमचं," तो म्हणाला. "असं करू या, हा बाण मागे घेतो. नवा फासा, नवी सुरुवात."

"खबरदार मागे घेशील तर!"

ताईंचा आवाज असा चढलेला त्या घरात कुणी ऐकला नव्हता. त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"लहानपणापासून लोक मला रांगेत पुढे ढकलतात. परीक्षेत 'असू दे' म्हणून मार्क देतात. रस्ता ओलांडायचा नसला तरी ओलांडून देतात. चांगलीच असतात रे माणसं, भांडणार तरी कुणाशी? तुमच्याकडे मी पहिल्या रविवारी आले तेव्हा तू ते नियम वाचून दाखवलेस. अंगावर काटा आला होता माझ्या. म्हटलं, अख्ख्या पुण्यात मला ठार मारू शकतील अशी ही एकच माणसं आहेत. आणि तुम्हीसुद्धा मला रस्ताच ओलांडून देत होतात!"

ताईंनी फासा जवळ ओढला.

"आता बाण लागलाय ना? मग सरका."

त्यांनी फासा दोन्ही हातांत खुळखुळवला आणि टाकला. तो घरंगळत डब्याला अडला आणि थांबला. तिघांनीही बघितला. बोलायचं नाही म्हणून साईनाथने चक्क तोंडावर हात धरला.

ताईंची बोटं टेबलावरून चाचपत फाशापर्यंत गेली. वरच्या बाजूवर फिरली. मध्यभागी थांबली.

"एक," त्या म्हणाल्या.

वर्षभर सोबत होती चिमाबाई. पण ताईंची पाठ ताठ होती.

"मेली. आता कशी मेली ते सांगते. बाण लागल्यावर ती बसली नाही. कातळाला पाठ टेकून तिने पुन्हा हाक दिली, खालच्या घोड्यांना ऐकू जाईल अशी. ती हाक पोचली. मग मेली. द्या तो डबा."

चिमाबाईचा ब्रेलचा जाड कागद घडीला दाद देईना. त्यांनी तो दाबून डब्यात कोंबला, तरी झाकण वर राहिलं. त्या झाकणावरून त्यांनी दोनदा हात फिरवला. बँकेत पंचवीस वर्षं झाली म्हणून मिळालेल्या ढालीवरून त्यांनी असा हात कधी फिरवला नव्हता.

"चला, पुढे," त्या म्हणाल्या. "रडत काय बसलात?"

विक्रमने गोष्ट पुढे नेली. कातळावरून दुसरा बाण आला. तो सगुणेला लागला.

पूर्वाची सगुणा सहा महिने टिकली होती. पूर्वाने तिचं चित्र काढून मोबाइलवर लावलं होतं, हे ताईंना ठाऊक होतं. पूर्वानेच त्यांना त्या चित्राचं वर्णन करून सांगितलं होतं, अगदी नथीपर्यंत.

"ताई, तुमचा फासा घेऊ?"

"घे की."

पूर्वाने फासा टाकला आणि घट्ट डोळे मिटले.

"तुम्ही वाचा," ती म्हणाली.

ताईंचं बोट वरच्या बाजूवरून फिरलं. मग, गरज नसताना, पुन्हा एकदा फिरलं. साईनाथ छताकडे बघत राहिला.

"दोन," ताई म्हणाल्या.

पूर्वाने डोळे न उघडताच हात पुढे केला. ताईंनी डबा चाचपून उचलला आणि तिच्या हातात दिला.