बत्तिसाचा काटा

माझ्या मुलीच्या अंगात किती ऊब उरली आहे, हे तिला हात लावून कळत नाही. तिच्या सरड्याच्या काचपेटीतला तापमानाचा काटा बघावा लागतो. काटा बत्तिसावर असला की मिताली नाचते, शेवभाजी मागते, उलट उत्तरं देते. तिसाच्या खाली गेला की तिची बोटं वळेनाशी होतात. एकदा तो पंचविसावर आला, तेव्हा ती जिन्यात एक पाय उचललेला तसाच धरून उभी राहिली, आणि 'आई' एवढं म्हणायला तिला सकाळपासून जेवणवेळेपर्यंत वेळ लागला. त्या दिवसापासून मी काट्यावरची नजर काढलेली नाही.

पेटीतला बल्ब मेच्या सुरुवातीला गेला. नवा लावला, काटा ढिम्म. गरम पाण्याची पिशवी ठेवली, तीच गार पडली. मग भर दुपारी पेटी गच्चीवर नेली. आमच्या जळगावचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे काय सांगू! पायाला चटके बसून मी थयथय नाचत होते आणि काटा आपला खालीच. गुंड्या, म्हणजे तो हिरवा इग्वाना, फांदीवरून एका डोळ्यानं माझी गंमत बघत होता. मेलं जनावर! पण शिव्या तरी किती देणार? खाली खोलीत मितालीचे ओठ जांभळे होत चालले होते.

दुकानदाराला फोन केला.

"तुमची पेटी परत घ्या," मी म्हटलं.

"घेतो की," तो म्हणाला. "मुलगी सोबत द्यावी लागेल."

मी फोन आपटला.

उपाय सापडला तो सासूबाईंना. गुंड्याला जास्वंदीचं फूल द्यायला त्यांनी काच सरकवून हात आत घातला आणि काटा सरसर चढला. "अगं बाई, माणसाची ऊब लागते होय याला! मग आधी नाही का सांगायचं?" असं म्हणून त्यांनी तिथेच खुर्ची ओढून घेतली. वरच्या खोलीत मितालीनं धाडकन दार उघडलं आणि जेवायला काय आहे म्हणून ओरडली. शेजारच्या कुमुदवहिनींनीही हौसेनं हात घालून पाहिला, पण काटा हलला नाही. परक्यांची ऊब पेटीला चालत नव्हती.

पेटीत गेलेली ऊब माणसाला परत मिळत नाही, हे आम्हाला खोबरेल तेलावरून कळलं. सासूबाईंनी बाटली हातात घेतली की तेल गोठायचं, तेही ऐन उन्हाळ्यात. त्या स्वेटर घालून गच्चीवर उन्हात बसू लागल्या. आधी बोलणं कमी झालं, मग हलणं. आता फक्त पापण्या मिटतात, त्याही मनात येईल तेव्हा. ऊन फिरेल तशी मी त्यांची खुर्ची फिरवते.

मग ह्यांनी हात घातला.

"अहो, पुरे आता, काढा," मी म्हणायचे.

"असू दे गं. पोरगी हसतेय ना?"

ह्यांच्या बँकेतली माणसं खुशीत होती. कूलर बंद करून ह्यांच्या टेबलाभोवती खुर्च्या टाकून बसायची. एका दुपारी त्यांच्यापैकी दोघांनी ह्यांना उचलून घरी आणलं. "साहेब आज काहीच बोलत नाहीत," म्हणाले, आणि पाणी पिऊन गेले. मी ह्यांना सासूबाईंच्या शेजारी बसवलं. खूप रडू आलं. डोळ्यांतलं पाणी तेवढं गरम होतं, म्हणून खाली येऊन पेटीत वाकून रडले.

आता उरले मी. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटते. गार पडण्याची नाही. माझ्यानंतर हात कोणाचा, याची. मी ऊब जपून वापरू लागले. रागानं अंग तापतं हे लक्षात आल्यावर रोज सकाळी दूधवाल्याशी कडाकडा भांडायचे आणि धावत येऊन पेटीत हात घालायचे. शाळा सुरू झाली होती, मिताली तेवढ्यावर शाळेला जाऊन यायची. पण आज त्यानं माझ्यादेखत दुधात पाणी ओतलं आणि मला काहीच वाटलं नाही. "उद्या या," मी म्हटलं.

दुपारी मी पेटीत हात घालून बसले होते. काटा अठ्ठाविसावर होता आणि माझा हात निघत नव्हता. मिताली भिंत धरत धरत आली.

"आई, तू गार पडलीस."

"तू जाऊन झोप बघू."

माझं वाक्य संपेपर्यंत तिनं माझा हात पेटीतून काढून माझ्याच मांडीवर नीट ठेवला होता.

"आता मी," ती म्हणाली.

मी 'नको' म्हणायला सुरुवात केली. तिनं बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. गुंड्या सरपटत येऊन तिच्या तळव्यावर बसला.

"बघ आई, चढतोय," ती म्हणाली.

माझा 'नको' अजून घशातच होता. काटा तिच्याच उबेवर चालत होता आणि खाली येत होता, म्हणून तिनं दुसराही हात आत घातला.