म्हणे पुरावाच नाही!

मी एक गुणवही बोलतेय, भुसावळच्या एका क्रीडा मंडळाच्या मुलींच्या खो-खो संघाची. चिडलेली आहे मी. तेव्हा गोड बोलणं जमणार नाही, आधीच सांगते.

१९८२ साली आमच्या गुणलेखक मंदाबाईंनी मला आणलं, खाकी कव्हर घातलं. कोण किती वेळ पळालं, कसं बाद झालं, सगळं त्या माझ्यात टिपायच्या. माझं लाडकं पान जळगावच्या अंतिम सामन्याचं. आमच्या संघातली वरणगावची झुंबर चौधरी पाच मिनिटं दहा सेकंद कुणाच्या हाती लागली नाही! परतताना पोरींनी माझ्यावरच चिवडा ओतून खाल्ला.

पुढच्या वर्षी झुंबरचं लग्न झालं. रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि झुंबरची सुनंदा झाली. बाकीच्या पोरींचंही तेच. मी मंडळाच्या कपाटात, पुरुषांच्या ढालींखाली जाऊन पडले.

१९९३ साली तोताराम सर जिल्ह्यातल्या खेळांचा इतिहास लिहायला आले. त्यांनी मला वाचलं, हे कबूल. मला पिशवीत टाकून झुंबरला शोधत मेहरूणला तिच्या सासरीही गेले. पण बोलले ओसरीवर बसलेल्या सासऱ्यांशी, आबांशी.

"झुंबर नावाचं आमच्या घरात कोनी नाही," आबा म्हणाले.

आत भाकरी थापणाऱ्या सुनेला विचारावं, हे काही सरांना सुचलं नाही. त्यांनी आपल्या टिपणांत लिहून टाकलं, 'वहीतील खेळाडू सापडत नाहीत. मुलींचा संघ होता यास पुरावा नाही.'

आणि मंडळाचे जुने कबड्डीपटू निंबा नाना? चहा पिता पिता ते म्हणाले, "बावन्न साली आमी कबड्डीत नागपूरले हरवलं." ना कागद, ना साक्षीदार. त्यांना मात्र पुस्तकात अख्खं पान! ही कुठली संशोधनाची पद्धत? पुरुषाची आठवण म्हणजे इतिहास आणि बायकांची वही म्हणजे रद्दी?

मंदाबाईंच्या कानावर हे गेलं. त्यांनी थेट मेहरूण गाठून सुनंदाबाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सुनंदाबाई मंडळात हजर.

"मीच ती झुंबर. वही तुमच्याजवळ ठेवा, मी सांगते. पाच मिनिटं दहा सेकंद पयली. मंग खांबापाशी पाय घसरला, तवा बाद झाली."

सरांनी पान काढलं. शब्दन् शब्द जुळला.

"जुळतंय खरं. पण बाई, तुमचं नाव झुंबर होतं, असं यजमानांचं पत्र आणाल का?"

सुनंदाबाईंनी उलट विचारलं, "निंबा नानानं बायकोचं पत्र आनलं व्हतं का?"

सर कागद चाळू लागले. मजकूर छापखान्यात गेलाय, पुढच्या आवृत्तीत बघू, असं काहीतरी पुटपुटले. सुनंदाबाईंनी मला उचललं, पदराखाली घेतलं आणि सरळ घरी आणलं.

पुस्तक निघालं. त्यात आमची एक ओळही नाही. मी आता मेहरूणला, सुनंदाबाईंच्या स्वयंपाकघरात, डब्यांशेजारी असते. संशोधकांनो, जरूर या. पण आत या, आणि जी पळाली तिलाच विचारा. ओसरीवरून परत जाणाऱ्याला माझं एक पानही दिसणार नाही.